दुर्गावहिनींच्या गाडीची टिकटिक

दुर्गावहिनींना गाडी चालवताना पाहणं वेगळं आणि त्यांच्या शेजारी बसणं वेगळं. पाहणारे लोक कौतुकानं थांबतात, फोन काढून फोटो घेतात. शेजारी बसणारा मी असतो. मी जानराव, त्यांचा दीर. माझी सगळी नोकरी बडनेरा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात गेली. त्यामुळे वाहन रुळावर असावं, ते दुसऱ्या कुणीतरी चालवावं आणि वाटेत कुत्रं आडवं आलं तरी त्याची काळजी आपल्याला नसावी, असं माझं स्पष्ट मत आहे. वहिनींना माझी मतं पाठ आहेत आणि त्यांनी त्यांतलं एकही आजवर मानलेलं नाही.

आमचं घर फुलवाल्यांचं. बडनेऱ्याच्या बाजूला थोडं शेत, त्यात झेंडू, शेवंती आणि निशिगंध. अमरावतीत अंबादेवीच्या रस्त्यावर हारांचं दुकान. दुकानात माझे थोरले भाऊ वामनराव बसतात. माणूस इतका शांत की गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं तर तेच लाजून भाव कमी करतात. शेत, माल, मजूर, बाजार आणि नवरा हे सगळं वहिनींनी सांभाळलं.

फार वर्षांपूर्वी त्या पहाटेच्या एसटीनं फुलांच्या टोपल्या आणत. एके दिवशी कंडक्टर म्हणाला, टोपल्या उतरवा नाहीतर पुढची गाडी बघा. वहिनींनी टोपल्या उतरवल्या आणि पुढची गाडी बघितली, ती थेट अकोटला जाऊन. तिथल्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याची जुनी अ‍ॅम्बेसिडर शेडमध्ये पडून होती. रंग दुधावरच्या सायीसारखा, दारं तिजोरीसारखी जड. शेवंतीच्या दोन हंगामांची कमाई घालून त्यांनी ती घेतली. घरात कुणालाच चालवता येत नव्हती, हे त्यांच्या ध्यानात होतं की नाही, देव जाणे. जिनिंगवाल्याच्या ड्रायव्हरनं गाडी घरी आणून दिली आणि वहिनींनी त्याला परत जाऊच दिलं नाही. शेजारच्या, कापूस निघून मोकळ्या झालेल्या शेतात त्यानं त्यांना शिकवलं. वामनदादा बांधावर उभे राहून डोळे मिटून घेत. गाडी शिकणारी बाई म्हणून आसपासची माणसं बघायला यायची, तेव्हा वहिनी मुद्दाम त्यांच्याच अंगावर गाडी आणायच्या. बघ्यांची गर्दी लवकरच कमी झाली.

पुढे ती गाडी आमच्या भागातली नवरदेवाची गाडी झाली. लग्न कुणाचंही असो, नवरदेव त्या गाडीतून मांडवाशी उतरायचा. वहिनी भाडं घेत नसत. बायको आणायला निघालेल्या माणसाकडून पैसे कसले घ्यायचे, असं म्हणत. फक्त हार, माळा, मांडवाची फुलं आमच्या दुकानातून घ्यायची, एवढी एकच अट. धंदा कसा करावा हे मला पार्सल ऑफिसात कुणी शिकवलं नाही, ते मी वहिनींकडे बघून शिकलो.

आता त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातून झालं. आमच्या घरी नवी वस्तू आली की तिला कुंकू लागतं आणि गूळ लागतो. नवं खुरपं, नवी फवारणीची टाकी, काहीही असो. तोंड गोड केल्याशिवाय कामाला जुंपायचं नाही, ही माझ्या आईची रीत. वहिनींनी ती गाडीलाही लावली. टायर नवा आला, त्याला गूळ. वायपर आला, त्याला गूळ. डॅशबोर्डखाली नवी वायर आली, तिलाही गूळ. एकदा अमरावतीच्या मेकॅनिकची पोरं त्यांना नव्या बल्बला गूळ लावताना बघून हसली. तेव्हापासून वहिनी गूळ लावायच्या, पण कुणाला दिसू नये असा, पाठीमागून, चिमटीत धरून दाबून.

गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. ती वाढवून घ्यायची तर गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. आमच्याकडे त्याला पासिंग म्हणतात. त्याच सुमारास गाडीचे इंडिकेटर बिघडले. दांडा डावीकडे दाबा की उजवीकडे, दिवा लागायचा, पण मिणमिणता, आणि तसाच लागून राहायचा. लुकलुकायचा नाही. ती टिकटिकही बंद. हे काम डॅशबोर्डखालची एक छोटी डबी करते. रिले म्हणा, फ्लॅशर म्हणा. आगपेटीहून थोडी मोठी, पत्र्याची, गोल. वहिनींनी मेकॅनिककडून नवी बसवून घेतली. ती काही दिवस चालली आणि गेली. दुसरी नवी बसवली, ती त्याहून लवकर गेली. वहिनींनी मेकॅनिकला झापलं, सामान विकणाऱ्याला झापलं, हल्ली कशालाच कस राहिला नाही म्हणून अख्ख्या जमान्याला झापलं. मेकॅनिक बिचारा वायरिंग तपासून थकला. म्हणाला, गाडीची सगळी वायरिंग उपसून नवी टाकावी लागेल.

अशा अवस्थेत वहिनींनी गाडी पासिंगला नेली. कदाचित बघणार नाहीत, अशी त्यांना आशा होती. त्यांनी बघितलं. गाडी नापास झाली.

त्या संध्याकाळी घरात जे झालं त्याला मी साक्षीदार आहे. वहिनींचा मुलगा कुंदन, माझा पुतण्या, गुणी पोरगा आहे. लग्नाच्या सजावटीचा त्याचा धंदा चांगला चालतो, स्वतःचा टेम्पो आहे. त्याला अंगणात, जिथे गाडी उभी असते तिथे, फुलांसाठी थंड खोली बांधायची होती. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात फुलं दुपारपर्यंत मान टाकतात. मागणं चुकीचं नव्हतं. त्यानं ते वर्षभर दाबून ठेवलं होतं, त्या दिवशी बोलला. गाडी म्हातारी झाली, पार्ट मिळत नाहीत, भंगारवाला चांगला भाव देतो आहे. वहिनी आधीच तापलेल्या होत्या. ताटावरून उठल्या आणि म्हणाल्या, “पुन्हा एकदा नेतो मी तिले. यावेळी नापास झाली तर बोलव तुह्या भंगारवाल्याले. मी आडवी येणार नाही.”

वामनदादांच्या हातातला घास हातातच राहिला. वहिनी शब्द देत नाहीत, आणि दिला तर तो मोडत नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? कुंदननं लगेच फोन करून भंगारवाल्याला पुन्हा मिळालेल्या पासिंगच्या दिवसाची संध्याकाळ दिली. वहिनी गुपचूप अंगणात जाऊन गाडीला टेकून उभ्या राहिल्या. मी त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला. गाडीनं टोपल्या आणल्या, नवरदेव आणले, माझ्या बायकोला दवाखान्यात नेलं आणि नीट घरी परत आणलं. मला ती गाडी कधी आवडली नाही, पण त्या दिवशी मीही तिला टेकून उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, अकोल्याला जायचं आहे, चला. एका लग्नघरच्या पाहुण्यानं त्यांना सांगितलं होतं की अकोल्याच्या जुन्या शहरात बुधाजी नावाचे एक जुने वायरमन आहेत. हल्लीचे लोक डबी फेकून नवी लावतात, बुधाजी मात्र ती उघडून दुरुस्त करतात. मी म्हटलं, बडनेऱ्याहून गाडीनं जाऊ, म्हणजे रेल्वेनं. वहिनींनी रुमालात तिन्ही डब्या बांधल्या आणि अ‍ॅम्बेसिडरचं दार उघडून धरलं.

इंडिकेटर बंद, म्हणून वहिनी हातानं इशारे देत होत्या, अगदी जुन्या नियमाप्रमाणे. उजवीकडे वळायचं तर हात सरळ बाहेर. थांबायचं तर तळवा वर. डावीकडे वळायचं तर हात गोल फिरवायचा. अडचण एवढीच की आताच्या रस्त्यावर ही भाषा कुणालाच येत नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे वहिनींनी हात बाहेर काढला, तर मागून येणारा मोटारसायकलवाला शेजारी येऊन आदरानं विचारू लागला की काकू, काही पडलं का तुमचं? एका ऑटोवाल्याला वाटलं त्यालाच थांबायला सांगताहेत, म्हणून तो थांबला, आणि त्याच्या मागचा ट्रक ओरडत थांबला. मी सीट घट्ट धरून बसलो होतो. वहिनी मात्र पूर्ण वाटेत कुणावरही चिडल्या नाहीत. तेव्हाच मला कळलं की त्या आतून किती घाबरल्या आहेत.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो तर गल्ली इतकी चिंचोळी की गाडी अलीकडेच लावावी लागली. बुधाजींचं दुकान म्हणजे एक फळी, एक बॅटरी आणि भिंतीवर लटकलेल्या वायरी. वयानं सत्तरीच्या पुढे. वहिनींनी रुमाल उघडला आणि आल्या आल्या तक्रारीचा पाढा सुरू केला. सगळे चोर आहेत, नवा माल तकलादू, मेकॅनिकला काही येत नाही. बुधाजींनी तो ऐकून घेतला आणि त्यांतली सगळ्यात जुनी डबी, गाडीची मूळची, उचलून बॅटरीला जोडली. दिवा मिणमिणला आणि तसाच राहिला.

मग त्यांनी डबीच्या बुडाची दुमडलेली कड बारीक पेचकसानं हळूहळू सरळ केली आणि पत्र्याचं टोपण वर उचललं. आतली रचना त्यांनी आम्हाला दाखवली, ती मलाही कळली. एक केसासारखी तार असते. वीज आली की ती तापते आणि सैल पडते, तेव्हा दोन टोकं एकमेकांना चिकटतात आणि दिवा भक्कन लागतो. मग वीज टोकांतून जाते, तार निवते आणि टोकं सुटतात. पुन्हा तापते, पुन्हा चिकटतात. टिकटिक तीच. या डबीत टोकं चिकटत नव्हती, कारण मध्ये काहीतरी काळं बसलं होतं. बुधाजींनी डबी हातावर उलटी करून टिचकी मारली. तळहातावर बारीक, वाळलेल्या मुंग्या पडल्या.

त्यांनी दुसरी डबी उघडली. त्यातही मुंग्या. तिसरीतही. बुधाजी म्हणाले की जुन्या गाड्यांत उंदीर पाहिले, झुरळं पाहिली, पण तिन्ही डब्यांत मुंग्या म्हणजे गाडीत काहीतरी गोड आहे. सामानात दोष नाही. त्यांनी एक डबी नाकाजवळ नेली, मग तिच्या बुडाला बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं.

मी वहिनींकडे बघितलं. फुलांत आयुष्य काढलेली बाई. निशिगंधावर मुंगी का चढते, कुठून चढते, हे त्या अंधारात सांगतील. त्यांचा चेहरा उतरला. इतका उतरलेला मी तो कधी पाहिला नव्हता. मेकॅनिकला, दुकानदाराला, जमान्याला दिलेल्या सगळ्या शिव्या त्यांना एकदम आठवल्या असाव्यात. मला वाटलं, आता त्या काहीतरी कारण काढतील. वहिनी चूक कबूल करणाऱ्यांतल्या नाहीत. वामनदादांनी लग्नानंतर आजवर त्याची वाट पाहिली आहे.

“म्या लावला गूळ,” वहिनी म्हणाल्या. “दरवेळी नवी डबी आली की म्याच लावला, मागून, कोणाले न दिसता. माह्याच हातानं बिघडली गाडी.”

बुधाजी हसले नाहीत. त्यांच्या फळीवरच्या बॅटरीला, पान्यांना, पेचकसाला सगळ्यांना कुंकवाचे ठिपके होते, तेव्हा हसणार कसे? ते एवढंच म्हणाले की बाई, लोखंडाले काय गोड लागते, गूळ खायले तुमी आहात ना. वहिनींनी पदराच्या गाठीतून गुळाचा खडा काढला, जो त्या आज बसवायच्या डबीसाठी घेऊन आल्या होत्या. अर्धा मोडून बुधाजींना दिला, उरलेल्याचे दोन तुकडे करून एक मला दिला आणि एक स्वतःच्या तोंडात टाकला. तिथे मला रडू यायचं काही कारण नव्हतं, पण आलं.

मग वहिनी पुन्हा वहिनी झाल्या. म्हणाल्या, डबी तुम्ही दुरुस्त करू नका, मला करायला शिकवा. इतक्या लांब दरवेळी येणं जमायचं नाही. बुधाजींना ते आवडलं. त्यांनी तिन्ही टोपणं पुन्हा बसवली आणि आधी दोन नव्या डब्यांतली एक सरावासाठी दिली. वहिनींनी कड वाकवताना ती पार चेपवली. दुसरी बरी उघडली, पण तारेला धक्का लागला आणि ती तुटली. कुठल्याही मालाचा असा नाश बघून वहिनींचा जीव जातो, पण त्यांनी पुढच्या डबीसाठी हात पुढे केला. मूळची डबी त्यांच्या हातात दिली तेव्हा बुधाजींनी आपले हात मागे घेतले. वहिनींनी पदराला टोचलेली हार ओवायची लांब सुई काढली. तिच्या टोकानं एकेक मुंगी उचलली. मग घासकागदाची पट्टी दोन टोकांच्या मध्ये सरकवून, तार हलू न देता, मागेपुढे ओढली. मोगऱ्याची कळी न चिरता सुई घालणारे हात ते, एकदा कळलं की चुकणारे नव्हते.

डबी बॅटरीला जोडली. दिवा मिणमिणला, आणि मग लागला, विझला, लागला, विझला. टिक, टिक, टिक. वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मीच ती बिघडवली होती. निघताना बुधाजींनी घासकागदाचा एक तुकडा दिला आणि बजावलं की डबी बसते ती जागा धुवून काढा, गूळ तिथेही मुरलेला असणार. वहिनींनी गाडीत डबी बसवली, ओल्या फडक्यानं जागा पुसली आणि आम्ही निघालो. येताना मोटारसायकलवाल्यांना काही विचारावं लागलं नाही. बोरगाव मंजूला चहाला थांबलो तेव्हा वहिनींनी गरज नसताना दोन्हीकडचे इंडिकेटर लावून दाखवले. चहावाला काय समजला कोण जाणे, त्यानं आमच्या चहात आलं जास्त टाकलं.

दुसऱ्या दिवशी पासिंग. कुंदन टेम्पो घेऊन पाठोपाठ आला होता. आईची जिरवायला नाही, तर गाडी नापास झालीच तर तिला एकटीनं घरी यायला लागू नये म्हणून. आरटीओच्या मैदानात ऊन असं होतं की पाय ठेवायला जागा शोधावी लागे. आमच्या पुढे दोन ट्रक, एक शाळेची बस. मागेही ट्रकच. वहिनी रांगेत गाडी पुढे पुढे घेत होत्या. आमचा नंबर येण्याआधी खात्री म्हणून त्यांनी दांडा उजवीकडे दाबला.

दिवा मिणमिणला आणि तसाच राहिला.

वहिनींनी डावीकडे दाबला. तसाच. टिकटिक नाही. मी खाली वाकून बघितलं तर डॅशबोर्डच्या आतून वायरींच्या जुडग्यावरून मुंग्यांची ओळ डबीकडे चालली होती. वर्षानुवर्षं उन्हानं वितळलेला गूळ वायरींच्या गुंडाळीत मुरला होता. आदल्या दिवशीचं ओलं फडकं त्याला पुरेसं नव्हतं. कुंदन टेम्पोतून उतरून खिडकीशी आला, त्यानं दिवा बघितला आणि मान खाली घातली. त्याच्या खिशात फोन वाजत होता. कुणाचा असेल ते त्यालाही माहीत होतं, आम्हालाही.

तपासणारे साहेब पुढच्या बसपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की थोडं काम निघालं आहे. ते म्हणाले की मागचे ट्रक आधी घेतो, पण जेवणाच्या सुटीपूर्वी गाडी दाखवा, त्यानंतर आज होणार नाही. माणूस सरळ होता. पण मागे फार गाड्या नव्हत्या.

वहिनींनी गाडी बाजूला घेतली, पदर खोचला आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून आडव्या झाल्या. आजूबाजूचे ड्रायव्हर गोळा झाले. पहिल्यांदा हसण्यासाठी, मग बघण्यासाठी. वहिनींनी डबी काढली, पण उघडली नाही. आधी माझी पाण्याची बाटली मागितली. उन्हात राहून ते पाणी चांगलंच तापलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्या उन्हाचा उपयोग झाला. त्यांनी वायरींची जुनी गुंडाळी सोडली, पदराचं टोक गरम पाण्यात भिजवून एकेक वायर पुसली, बोटानं चाचपली, चिकट लागली की पुन्हा पुसली. पदर तपकिरी झाला. मला घड्याळ बघवत नव्हतं. मी म्हटलं, वयनी, आधी डबी उघडा, वेळ नाही. त्या आतूनच म्हणाल्या की गूळ राहिला तर मुंग्या साहेबाच्या आधी पोचतील.

मग एका ट्रक ड्रायव्हरकडे त्यांनी डिझेलचं फडकं मागितलं. त्यानं विचारलं कशाला, त्यांनी सांगितलं मुंग्यांना. तो धावत जाऊन घेऊन आला. डबीच्या जागेभोवती त्यांनी ते फडकं फिरवलं, थेंब न सांडता. मुंग्यांची ओळ थबकली आणि उलटी फिरली. गर्दीतून कुणीतरी वा म्हणालं.

आता डबी. बॉनेटवर रुमाल अंथरून वहिनी उभ्या राहिल्या. बॉनेट तापलेलं होतं. सुईनं कड उचलायला सुरुवात केली. काल दुसऱ्या डबीची तार याच क्षणी तुटली होती, हे मला आठवलं, आणि ही तुटली तर दुसरी नव्हती. कुंदन शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं आपल्या अंगानं आईच्या हातावर सावली धरली, कारण पत्र्यावरून ऊन उसळून त्यांच्या डोळ्यांत जात होतं. वहिनींनी त्याच्याकडे बघितलं नाही, पण सावलीत येईल अशी डबी थोडी सरकवली. टोपण निघालं. सुईच्या टोकावर एक मुंगी, मग दुसरी. घासकागदाची पट्टी आत गेली, मागेपुढे झाली, बाहेर आली. तार हलली नाही. वहिनींनी फुंकर मारली, टोपण बसवलं, कड दाबली.

तोवर मागचे ट्रक होऊन गेले होते. साहेब आमच्याकडे येत होते, कागद बगलेत, कपाळावर आठ्या. वहिनी स्टिअरिंगमागे बसल्या. साहेबांनी ब्रेक बघितले, हॉर्न वाजवायला सांगितला, पुढचे दिवे, मागचे दिवे. मग म्हणाले, उजवा इंडिकेटर.

वहिनींनी दांडा दाबला. एक क्षण दिवा मिणमिणला. कुंदननं माझं मनगट इतकं आवळलं की हाड दुखलं. आणि मग भक्कन लागला. विझला. लागला. विझला. उन्हातसुद्धा तो नारिंगी उजेड स्पष्ट दिसत होता. डावा लावा, साहेब म्हणाले. डावा लागला, विझला, लागला. टिक, टिक, टिक. साहेबांनी मागे जाऊन बघितलं, पुढे येऊन बघितलं, कागदावर सही केली आणि वहिनींना विचारलं की मावशी, इंडिकेटरचं काम कुणाकडून केलं, माझ्या वडिलांचीही जुनी गाडी आहे. वहिनींनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ड्रायव्हर लोकांनी जो गलका केला तो कार्यालयाच्या आतल्या लोकांनीही ऐकला असेल. डिझेलवाल्यानं तर आपल्या ट्रकचा भोंगा वाजवला. बडनेऱ्याच्या फलाटावर इतकी वर्षं काढली, पण असा आनंदाचा भोंगा मी ऐकला नव्हता.

कुंदननं तिथल्या तिथे फोन करून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. मग वहिनींना म्हणाला, “आई, खोली आपण विहिरीजवळ बांधू. गाडी राहू दे.”

वहिनी म्हणाल्या, “ते मी कालच ठरवलं.” आणि मग त्यांनी त्याच्या गालावरून तो काळा, डिझेलचा, गुळाचा हात फिरवला. पोरगं लहान असताना फिरवत तसा. त्याच्या गालावर पट्टा उमटला, त्यानं तो पुसला नाही.

आम्ही मैदानातून बाहेर पडलो. घराकडे उजवीकडे वळायचं होतं. वहिनींनी इंडिकेटर लावला आणि वळल्या. पुढे रस्ता सरळ, पण दांडा त्यांनी जागेवर आणला नाही. टिकटिक चालू. पेट्रोलपंप गेला, बसस्टँड गेलं, टिकटिक चालू. मागून येणारे गोंधळून हॉर्न वाजवू लागले. एक स्कूटरवाला समांतर येऊन हातवारे करून सांगून गेला. शेवटी माझा फोन वाजला. मागे टेम्पोत असलेला कुंदन म्हणत होता, “काका, आईले सांगा ना, साईड चालू राहून गेली आहे.”

मी सांगितलं. वहिनींनी आरशात मागे बघितलं, लोकांच्या रांगेकडे, हॉर्नकडे, मुलाच्या टेम्पोकडे, आणि स्टिअरिंगवरचा हात जरासुद्धा हलवला नाही.

“त्याले म्हणा, मले माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “घर येईपर्यंत वाजू दे.”